कडेला कड : यंत्रावाचून फळ्या जोडण्याची विद्या

वृक्षाचे खोड गोल असते आणि मनुष्याच्या व्यवहाराला लागणारा पृष्ठभाग रुंद व सपाट असतो. या अडचणीतून मार्ग काढण्यासाठीच सुतारकामातील पुष्कळशी विद्या निर्माण झाली आहे. देव्हाऱ्याची पाठ, जेवणाच्या मेजाचा माथा, कपाटाची बाजू किंवा दाराचे पान यांपैकी कोणतीही वस्तू घेतली तरी तिला दीड-दोन फूट रुंदीचे लाकूड लागते, आणि वखारीत आज मिळणारा सागवान, विशेषतः लागवडीच्या जंगलातून कोवळ्या वयात तोडून आणलेला, पाच-सहा इंचांहून रुंद अशी निर्दोष फळी क्वचितच देतो. तेव्हा अरुंद फळ्या कडेला कड लावून जोडणे आणि त्या जोडाची रेषा डोळ्यांना व बोटांना जाणवू न देणे, हे कसब ज्याला साधले नाही त्याला घरगुती सामानाचा एकही मोठा जिन्नस नीट सिद्धीस नेता येत नाही.

रुंद फळ्यांच्या दुर्भिक्ष्यामुळे पत्करलेली ही तडजोड आहे, असे मात्र कोणी समजू नये. काष्ठ पाणी शोषते तेव्हा फुगते आणि पाणी सोडते तेव्हा आक्रसते. परंतु हे आकुंचन सर्व दिशांना सारखे नसते. लांबीच्या दिशेने ते नगण्य असते, खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने मध्यम असते, आणि वार्षिक वर्तुळांना स्पर्श करून जाणाऱ्या दिशेने सर्वांत अधिक असते. सागवानाचेच उदाहरण घेतले तर ओल्या अवस्थेपासून पूर्ण शुष्क अवस्थेपर्यंत गाभ्याकडून सालीकडे तो सुमारे २.५ टक्के आणि वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आक्रसतो. या दोन आकड्यांमधील तफावत हेच फळीला बाक येण्याचे मूळ कारण होय. आणि फळी जितकी रुंद तितका तो बाक अधिक उघड दिसतो. नीट वाळलेल्या, रेषा पारखून निवडलेल्या चार अरुंद फळ्यांचा जोडलेला तक्ता हा त्याच झाडाच्या एकसंध रुंद फळीपेक्षा पुष्कळदा अधिक स्थिर राहतो, तो यामुळेच.

जोड टिकेल की नाही, ही शंकाही निराधार आहे. ज्या सांध्यात एका लाकडाचे उभे तंतू दुसऱ्या लाकडाच्या उभ्या तंतूंशी समांतर येऊन चिकटतात, तो सांधा उत्तम सरसाने लाकडाइतकाच बळकट होतो; जोर लावून मोडला तर तो बहुधा सरसाच्या रेषेत न मोडता शेजारच्या लाकडात मोडतो. याउलट फळीचे तोंड, म्हणजे आडवे कापलेले टोक, सरस पिऊन टाकते आणि धरून ठेवत नाही. तेथे कुसू, खाच, खुंटी यांचा आधार घ्यावाच लागतो. कडेच्या जोडाला असा कोणताही आधार बळासाठी लागत नाही. त्यात खुंट्या किंवा जीभ-खाच घालण्याची प्रथा आहे खरी, पण त्यांचा उपयोग सरस लावताना फळ्या वरखाली सरकू नयेत एवढ्यापुरताच असतो. ज्या जोडाच्या कडाच नीट बसलेल्या नाहीत तो खुंट्यांनी सुधारत नाही.

समुद्रावर जाणाऱ्या लाकडाचा प्रकार अर्थात निराळा. सुरत व मुंबई येथील गोद्यांत अठराव्या शतकात जी सागवानी जहाजे बांधली गेली, त्यांच्या फळ्या नुसत्या कडेला कड टेकवून बसवीत नसत. एका फळीच्या कडेस खाच आणि दुसरीच्या कडेस तिच्यात घट्ट बसणारी जीभ काढून त्या एकमेकींत बसवीत, आणि युरोपीय प्रवाशांनी ही रीत कुतूहलाने आपल्या वृत्तांतांत नमूद करून ठेवली आहे. लवजी नसरवानजी वाडिया यांना सुरतेहून १७३६ साली मुंबईस आणण्यात आले, तेव्हापासून पुढील सुमारे दीड शतक वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत हे काम चालविले. त्याच घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली बांधलेले व १८१७ साली पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' हे सागवानी लढाऊ जहाज आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडातील हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत जतन केलेले आहे. या गोदीतील कारागिरांपाशी कडा रंधणारे कोणतेही यंत्र नव्हते. वाकस, करवत, पटाशी आणि रंधा एवढ्याच साहित्यावर त्यांनी महासागराचे पाणी बाहेर ठेवणारे सांधे बसविले, ही गोष्ट यंत्राअभावी हातपाय गाळणाऱ्या आजच्या हौशी सुताराने अवश्य ध्यानात घ्यावी.

आता ज्या यंत्रावाचून आपल्याला काम करावयाचे आहे, ते यंत्र काय करते हे थोडक्यात पाहू. जॉइंटर नावाच्या या यंत्रात दोन लोखंडी सपाट पाट एकापुढे एक बसविलेले असतात आणि त्यांच्या मध्ये पाती जडवलेला लाट वेगाने फिरत असतो. पुढचा पाट किंचित खाली असतो व मागचा पात्यांच्या सर्वोच्च बिंदूशी बरोबर समपातळीत असतो. त्यामुळे फळी पुढे सरकताना जेवढे लाकूड कापले जाते तेवढ्याच उंचीचा आधार तिला मागच्या पाटावर मिळतो, आणि दोन-तीन फेऱ्यांत तिची कड सरळ होते. बाजूला काटकोनात उभा असलेला आडोसा ती कड फळीच्या दर्शनी बाजूशी चौरस राखतो. फिरत्या पात्यांनी लाकूड रंधण्याच्या कल्पनेचे पेटंट सॅम्युएल बेंथम यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात घेतले, आणि कारखान्यांना या यंत्राने दिलेला वेग निःसंशय मोठा आहे. पण फिरणारे पाते लाकडावर अतिसूक्ष्म लाटा ठेवूनच जाते, आणि ते बोथट झालेले असेल तर तंतू कापण्याऐवजी चेपते. अशा चेपलेल्या पृष्ठभागात सरस नीट शिरत नाही. धारदार हातरंध्याने काढलेली कड या बाबतीत यंत्राच्या कडेहून सरस ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि मुख्य गोष्ट अशी की, चांगल्या जोडाला कड गणिती अर्थाने सरळ असावी लागतच नाही. त्याला हवी असते ती दोन कडांची परस्परांशी अनुरूपता. यंत्र प्रत्येक फळीला स्वतंत्रपणे एका आदर्श रेषेपर्यंत नेते आणि दोन्ही आदर्श झाल्या म्हणजे त्या जुळणारच, या भरवशावर चालते. यंत्राविना काम करणारा कारागीर दोन फळ्या एकत्र घेतो आणि हातून होणारी चूक दोहोंत अशी विभागून टाकतो की एकीतली चूक दुसरीतल्या चुकीला छेदून जावी. पुढे ज्या रीती सांगावयाच्या आहेत त्या सर्वांच्या मुळाशी हेच एक तत्त्व आहे, आणि ते ज्याला उमगले त्याला प्रत्येक रीतीची मर्यादाही आपोआप समजते.

हाती रंधा घेण्यापूर्वी काही सिद्धता आवश्यक आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असता काष्ठातील पाण्याचे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर आणि ८० टक्के असता सुमारे १६ टक्क्यांवर स्थिरावते. विदर्भातला वैशाख आणि कोकणातला आषाढ यांतील अंतर याहून कमी नाही. केवळ ६ टक्क्यांचा फरक पडला तरी दोन फूट रुंदीचा, वर्तुळांना स्पर्शून कापलेल्या फळ्यांचा सागवानी तक्ता जवळजवळ दोन सूत रुंदावतो किंवा आकसतो. म्हणून जेथे वस्तू राहावयाची तेथील हवेत फळ्या, मध्ये पट्ट्या ठेवून, काही आठवडे रचून ठेवाव्यात, आणि एकाच तक्त्यात एक ओली व एक वाळलेली फळी कधीही घालू नये. वाळण्याची ही मुदत मालकाच्या तगाद्यापुढे जो कारागीर कमी करतो, त्याचा तक्ता पहिल्याच उन्हाळ्यात चिरतो आणि दोष मात्र सरसाला दिला जातो.

नंतर प्रत्येक फळीची एक बाजू सपाट करावी. फळीच्या दोन्ही टोकांवर सारख्या रुंदीच्या दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून, एका टोकाशी डोळा लावून त्यांच्या वरच्या कडा समांतर दिसतात की नाही हे पाहिले म्हणजे पीळ असल्यास तत्काळ उघड होतो. ज्या फळीत पीळ आहे तिची कड चौरस करणे निरर्थक आहे, कारण गुण्या ज्या पृष्ठभागावर टेकवावयाचा तोच जागोजागी दिशा बदलत असतो. सपाटीनंतर सर्व फळ्या शेजारी मांडून त्यांचा क्रम ठरवावा. वार्षिक वर्तुळांचा बाक एका फळीत वर व शेजारच्या फळीत खाली असा आलटून-पालटून ठेवावा, हा नियम पुष्कळ पुस्तकांत आढळतो. त्याने एक मोठा बाक येण्याऐवजी लहान लहान लाटा येतात इतकेच. ज्या बाजूंनी रेषा एकमेकींत मिसळून जातात आणि ज्या बाजू पुढे रंध्याला विरोध करणार नाहीत त्या दर्शनी ठेवणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. क्रम ठरला की सर्व फळ्यांवरून जाणारा एक मोठा त्रिकोण पेन्सिलीने काढावा. त्रिकोणाच्या रेषा जुळल्या म्हणजे फळ्यांचा क्रम, दिशा व वरची बाजू या तिन्ही गोष्टींची रुजुवात एका दृष्टिक्षेपात होते.

आता प्रत्यक्ष कड. येथे रंधा लांब हवा, आणि त्याची लांबी शोभेची नाही. आखूड रंधा फळीच्या उंचवट्यावर चढतो आणि खळग्यात उतरतो, म्हणजे असलेल्या लाटा तशाच ठेवून गुळगुळीत करतो. लांब तळाचा रंधा खळग्यावरून पुलासारखा जातो आणि फक्त उंचवटेच कापतो. लोखंडी लांब रंधे २२ ते २४ इंचांचे असतात, लाकडी याहूनही लांब असत. रंधा ही वस्तू फार प्राचीन आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात रोमन रंधे सापडले आहेत. ज्याच्यापाशी लांब रंधा नसेल त्याने मध्यम लांबीचा, चौदा इंची रंधा घेण्यास हरकत नाही. मात्र त्याला सरळ पट्टीने वारंवार पडताळा घ्यावा लागेल, कारण जे काम तळाच्या लांबीने केले असते ते आता डोळ्यांनी करावयाचे आहे.

एकेक कड स्वतंत्र रंधताना आरंभ दोन्ही टोकांपासून थोडे आत धरून करावा आणि मधल्या भागातच रंधा चालवावा. काही वेळाने रंध्याला लाकूड लागेनासे होते. याचा अर्थ मध्ये एक अल्पसा खळगा झाला असून तळ आता दोन्ही बाजूंच्या उंच भागांवर टेकला आहे, आणि म्हणून पाते मध्ये पोहोचत नाही. रंध्याच्या लांबीनेच घातलेली ही मर्यादा फार उपकारक आहे, कारण त्यापुढे कारागिराने कितीही जोर केला तरी खळगा वाढत नाही. मग टोकापासून टोकापर्यंत संथपणे रंधावे. प्रारंभी पुढच्या हातावर भार, मध्ये दोहोंवर सारखा, आणि शेवटी मागच्या हातावर भार ठेवला म्हणजे टोके खाली जात नाहीत. पहिले एक-दोन पापुद्रे तुटक निघतात. ज्या क्षणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण रुंदीचा अखंड पापुद्रा निघतो त्या क्षणी थांबावे. आणखी एकदा, आणखी एकदा, असा मोह आवरला नाही तर टोके झिजून मध्ये उंचवटा येतो, आणि मध्ये उंच असलेली कड हा जोडाचा सर्वांत वाईट दोष होय.

चौरसपणा राखण्यासाठी नवशिका रंधा उजवीकडे-डावीकडे कलवू लागतो, आणि त्यामुळे कड कधी इकडे तर कधी तिकडे झुकलेली अशी मुरड घेऊन बसते. जाणता कारागीर याहून चतुर उपाय योजतो. तो पात्याची धार केसभर कमानदार ठेवतो, म्हणजे पाते मध्यभागी अधिक व बाजूंना कमी कापते. मग कडेची जी बाजू उंच असेल तिच्यावर पात्याचा मध्य येईल इतका रंधा आडवा सरकवून, तळ मात्र कडेवर सपाट ठेवून, तो तेवढीच बाजू उतरवितो. डाव्या हाताची बोटे तळाखालून फळीच्या अंगाला लावून चालवली म्हणजे रंधा ठरलेल्या जागेवरून ढळत नाही.

परंतु चौरसपणाच्या कटकटीतून पूर्ण सुटका करणारी रीत निराळीच आहे, आणि या प्रकरणात सांगितलेल्यांपैकी मला ती सर्वांत अधिक प्रिय आहे. शेजारी शेजारी येणाऱ्या दोन फळ्या, उघड्या पोथीची पाने मिटावीत तशा, दर्शनी बाजूंवर मिटून घ्याव्यात आणि जोडावयाच्या दोन्ही कडा वर येतील अशा शिकंज्यात एकत्र आवळून त्या एकाच वेळी रंधाव्यात. समजा, रंधा एका अंशाने कलला. तर एका फळीची कड तिच्या दर्शनी बाजूशी ८९ अंशांचा आणि दुसरीची ९१ अंशांचा कोन करील. फळ्या उघडून कडेला कड लावल्या की दोहोंची बेरीज बरोबर १८० होते आणि तक्ता सपाट राहतो. हीच चूक फळ्या निरनिराळ्या रंधताना झाली असती आणि दोन्ही कडा एकाच बाजूस झुकल्या असत्या, तर इंचभर जाडीच्या लाकडात सांधा एका अंगाला सुमारे ०.९ मिलिमीटर उघडा पडला असता. किंवा तो आवळून मिटवला असता तर प्रत्येक सांध्याशी तक्ता दोन अंशांनी वाकला असता, आणि पाच फळ्यांच्या चार सांध्यांत मिळून तो आठ अंशांनी वळला असता.

तरीही या रीतीची मर्यादा नीट ओळखली पाहिजे, कारण तिची स्तुती करणारे पुष्कळ लोक ती सांगावयाचे विसरतात. मिटून रंधल्याने केवळ तिरकसपणा छेदला जातो. लांबीतला दोष छेदला जात नाही, उलट दुप्पट होतो. दोन्ही कडांना मध्ये सारखाच उंचवटा राहिला तर उघडल्यावर उंचवट्यासमोर उंचवटा येतो आणि टोकांशी दुहेरी फट पडते. म्हणून सरळपणाची परीक्षा याही रीतीत तितकीच कसून घ्यावी लागते. शिवाय येथे पात्याची धार कमानदार नको, सरळ हवी. कमानदार पाते दोन्ही फळ्यांच्या मधल्या सांधीवर अधिक कापून दोघींनाही आतल्या बाजूस सारखाच उतार देते, आणि असे दोन सारखे उतार एकमेकांना न छेदता साठतात. रंध्याचे पाते दोन इंचांहून थोडे रुंद असते, तेव्हा सहा सुती जाडीच्या दोन फळ्या त्याखाली सहज मावतात. दोहोंच्या रेषांचा रोख एकाच दिशेने चढता असेल अशी जोडी मिळाली तर उत्तम. नाहीतर एका फळीत रंधा गुळगुळीत चालत असता दुसरीत तंतू उपटून काढील.

परीक्षेची साधने घरातच असतात. एक फळी उभी धरून तिच्या कडेवर दुसरी कड टेकवावी आणि खिडकीकडे तोंड करून पाहावे. प्रकाशाची रेघ जेथे दिसेल तेथे फट आहे, आणि केसाहून बारीक फटही प्रकाश लपू देत नाही. मग वरची फळी एका टोकाशी धरून हळूच आडवी हलवावी. ती मध्यावर टेकून सहज फिरू लागली तर मध्ये उंचवटा आहे. दोन्ही टोकांशी घासत, किंचित अडखळत फिरली तर टोके टेकलेली आहेत व कड योग्य आहे. अखेर दोन्ही फळ्यांच्या अंगावर उभी पट्टी लावून त्या एका पातळीत आहेत की नाहीत हे पाहावे. आणि ज्या पट्टीने सरळपणा पाहावयाचा ती पट्टीच सरळ आहे कशावरून? जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगो येथील विद्वत्सभेत धातूच्या सपाट पृष्ठभागांविषयी जी पद्धत मांडली तिचे तत्त्व येथेही लागू पडते. दोन पट्ट्या एकमेकींशी जुळल्या म्हणजे त्या सरळ असतातच असे नाही, कारण एकीचा फुगीरपणा दुसरीच्या खळग्यात बसलेला असू शकतो. पण तीन पट्ट्यांपैकी कोणत्याही दोन घेतल्या तरी त्या जुळत असतील, तर तिन्ही सरळच असल्या पाहिजेत. तीन पट्ट्या, एक रंधा आणि थोडी चिकाटी एवढ्या भांडवलावर सरळ रेषेचे मूळ प्रमाण स्वतःच्या अंगणात निर्माण करता येते, याचे मला फार अप्रूप वाटते.

हाताने रंधण्याचा सराव नसलेल्या, पण राउटर किंवा गोल करवत जवळ असलेल्या वाचकासाठी दुसरा मार्ग आहे. दोन्ही फळ्या दर्शनी बाजू वर करून मेजावर समोरासमोर मांडाव्यात, त्यांच्या कडांमध्ये राउटरच्या पात्याच्या व्यासापेक्षा किंचित कमी अंतर ठेवावे, दोन्ही हलणार नाहीत अशा आवळाव्यात, आणि सरळ पट्टीच्या आधाराने राउटर त्या फटीतून एकदाच न्यावा. पाते एकाच फेरीत दोन्ही कडा कापते. पट्टी थोडी वाकडी असली तरी एका कडेत जेथे उंचवटा येतो तेथे समोरच्या कडेत तेवढाच खळगा येतो, आणि फळ्या सरकवून जवळ आणल्या की त्या परस्परांत बसतात. मिटून रंधण्यात जो लांबीतला दोष दुप्पट होत होता तो येथे छेदला जातो, हे या रीतीचे वैशिष्ट्य. सावधगिरी एवढीच की दोहोंपैकी एका फळीवर पाते राउटरच्या गतीच्या दिशेनेच फिरत असते आणि त्याला पुढे ओढू पाहते. म्हणून दोन्ही कडा आधीच बऱ्यापैकी सरळ करून घेऊन या फेरीत सूतभराहूनही कमी लाकूड काढावे आणि राउटर दोन्ही हातांनी घट्ट धरावा. हातात धरून चालवायच्या गोल करवतीनेही, तिच्या पात्याच्या जाडीइतकी फट सांभाळून, हेच करता येते. मात्र करवतीचे दात कडेवर ओरखडे ठेवतात आणि त्यांवरून एकदा रंधा फिरवणे इष्ट असते.

नाव बांधणाऱ्यांची एक जुनी युक्तीही येथे नमूद करण्यासारखी आहे. दोन फळ्या शक्य तितक्या जवळ आणून त्यांच्या सांध्यातून बारीक दातांची करवत चालवावयाची. जेथे कडा टेकलेल्या असतात तेथेच ती कापते आणि जेथे फट असते तेथून रिकामी जाते. मग फळ्या पुन्हा जवळ सरकवावयाच्या व पुन्हा करवत चालवावयाची, असे करता करता सांधा सर्वत्र सारखा मिटतो. देव्हाऱ्याच्या कामाला ही रीत खडबडीत पडेल, पण वाकड्या कडा जुळवण्यात तिला तोड नाही.

कडा जुळल्या की सरस लावण्यास उशीर करू नये. सागवानात तेलकट द्रव्य असते आणि ताज्या रंधलेल्या पृष्ठभागावर ते हळूहळू येऊ लागते. सकाळी रंधलेली कड आठवड्याने चिकटवणे म्हणजे केलेल्या कष्टावर पाणी सोडणे होय. पूर्वी जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून ऊन करीत आणि आखूड फळ्यांच्या बाबतीत शिकंजाही वापरीत नसत. सरस लावलेल्या कडा एकमेकींवर दाबून पुढेमागे घासल्या की जादा सरस बाहेर निघून त्या आपोआप धरीत. आज सर्रास वापरला जाणारा पांढरा सरस पॉलिव्हिनिल ॲसिटेटचा असतो. १९५९ साली मुंबईत बळवंत पारेख यांनी सुरू केलेल्या उद्योगाच्या फेविकॉलने तो आपल्याकडील घरोघर नेला. या सरसाला फट भरून काढता येत नाही, ही त्याची अट आहे. सांध्यातील त्याचा थर मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास राहिला तरच तो आपले पूर्ण बळ देतो, आणि म्हणूनच कडेच्या जुळणीवर इतका भर द्यावा लागतो.

लांब फळ्यांच्या कडा मध्यभागी अगदी अल्प खोल ठेवण्याची प्रथा जुन्या कारागिरांत आहे. फळीची टोके पाणी लवकर सोडतात व आधी आक्रसतात, त्यामुळे सांधा उघडायचा झाला तर टोकांशीच प्रथम उघडतो. मध्ये खळगा ठेवून तो शिकंज्याने मिटविला म्हणजे टोकांवर कायमचा दाब राहतो. चार फूट लांबीत हा खळगा कागदाच्या एक-दोन पानांहून अधिक नसावा. आधुनिक सरस वापरणारे काही जण ही प्रथा कालबाह्य समजतात. उन्हाळा-पावसाळ्यात एवढे अंतर असलेल्या आपल्या मुलखात ती सोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

सरस लावण्यापूर्वी एकदा कोरडी जुळणी करून शिकंजे योग्य अंतरावर लावून पाहावेत. त्यांपैकी काही तक्त्याच्या वरून व काही खालून, आलटून-पालटून लावले म्हणजे दाबाने तक्ता एका अंगाला वाकत नाही. लांब शिकंजे नसतील तर जाड फळीवर दोन ठोकळे पक्के करून, तक्ता त्यांच्या मध्ये ठेवून, एका बाजूस उलटसुलट पाचरींची जोडी ठोकावी; हा दाब कोणत्याही विकतच्या साधनाहून कमी नसतो. सांध्यातून सरसाचे बारीक थेंब सर्वत्र सारखे बाहेर आले की दाब पुरेसा झाला. जो सांधा हाताच्या जोराने मिटत नाही तो शिकंज्याच्या जोराने मिटवू नये. त्या फळ्या पुन्हा रंध्याखाली न्याव्यात. आणि सरस वाळला असे वाटताच तक्त्यावर रंधा मारण्याची घाईही करू नये, कारण सरसातील पाण्याने सांध्याजवळचे लाकूड फुगलेले असते. ते तशा स्थितीत सपाट केले तर पुढे वाळून आक्रसल्यावर प्रत्येक सांध्याशी बारीक चर दिसू लागतो. दोन-तीन दिवस थांबणे उत्तम.

या विद्येची खरी पारख करून पाहावयाची असेल त्याने मोठा तक्ता हाती घेण्याआधी सागवानाचे वीतभर लांबीचे दोन तुकडे मिटून रंधावेत, जोडावेत, पुरते वाळू द्यावेत, आणि मग सांधा दोन ठोकळ्यांच्या मध्ये अधांतरी ठेवून वरून हातोड्याने मोडून पाहावा. मोडलेल्या जागी सरसाची नुसती चकचकीत रेघ उघडी पडली तर कड पुन्हा रंधावी लागेल. एका तुकड्याचे तंतू दुसऱ्या तुकड्याला चिकटून फाटून आले असतील, तर त्याने खुशाल मेजाच्या फळ्या काढाव्यात, त्याला यंत्राची गरज नाही.